भिंतीतला ओव्हन की शेगडीखालचा?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की नानकटाईचे जिन्नस डब्यांत भरून गल्लीच्या टोकाच्या बेकरीत नेऊन देण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणि शहरांत होती. घरात भट्टी नसे, आणि ती असावी असे कोणास वाटतही नसे. पुढे काचेचे झाकण असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, वाळू घातलेल्या कढईत किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये केक होऊ लागले. मग टेबलावरचा ओटीजी आणि मायक्रोवेव्ह घरोघरी पोहोचले. आता नव्या सदनिकेचे किंवा जुन्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करायला घेतले, की मॉड्युलर किचनच्या आराखड्यात उंच कपाटात बसवलेला, काळ्या काचेचा ओव्हन जवळजवळ गृहीतच धरलेला असतो. काही घरांत याहून पुढची मागणी असते ती 'रेंज'ची, म्हणजे वर पाच-सहा बर्नर आणि खाली भलामोठा ओव्हन असलेल्या एकसंध, अवजड शेगडीची.

ही खरेदी फ्रिज किंवा मिक्सरसारखी नाही. न आवडलेला फ्रिज बदलता येतो; भिंतीतला ओव्हन मात्र त्याच्या मापाच्या कपाटासह, त्याच्यासाठी ओढलेल्या वायरीसह आणि टाइल्ससह घरात येतो. त्याची किंमत आयात मालाच्या बाबतीत कित्येक लाखांपर्यंत जाते. एवढे करून अनेक घरांत वर्षभराने त्या ओव्हनचा उपयोग तवे आणि कढया ठेवण्याचे कपाट म्हणून होताना दिसतो. निवडीतली चूक बहुधा दुकानात होत नाही. ती त्याआधी, आराखडा कागदावर असतानाच झालेली असते.

शेगडीचे घराणे

रेंज आणि भिंतीतला ओव्हन यांचा उगम वेगळा आहे, आणि तो ठाऊक असला तर दोहोंचे गुणदोष आपोआप उलगडतात. युरोपात उघड्या चुलीची जागा बंदिस्त शेगडीने घेतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकमध्ये इंधन वाचवणाऱ्या बंदिस्त चुली बांधल्या. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टन येथील जेम्स शार्प यांनी १८२६ साली वायूच्या शेगडीचे पेटंट घेतले. एकच अग्नी वर भांडे तापवी आणि खाली पाव भाजी. ओव्हन शेगडीखाली आला तो या कारणाने. १९२२ साली स्वीडनचे नोबेल पारितोषिकप्राप्त संशोधक गुस्ताफ डालेन यांनी ओतीव लोखंडात उष्णता साठवून ठेवणारी 'आगा' शेगडी तयार केली. तोवर त्यांची दृष्टी एका स्फोटात गेलेली होती. १९२३ साली ब्रिटनमध्ये 'रेग्युलो' हे तापमान राखणारे नियंत्रक वायूच्या शेगड्यांवर आले आणि भट्टीत हात घालून उष्णतेचा अंदाज घेण्याची गरज संपली.

भिंतीतला ओव्हन हे विजेचे अपत्य आहे. १९०६ साली अल्बर्ट मार्श यांना निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. लालबुंद होऊनही न जळणारी तार त्यामुळे हाती आली. ज्वाळा नसल्याने ओव्हन शेगडीखालीच हवा हे बंधन उरले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या नव्या घरांत तो कंबरेच्या उंचीवर, भिंतीत बसवला जाऊ लागला.

आपल्या स्वयंपाकघरात हा इतिहास थोडा आडवा येतो. येथील शेगडी ओट्यावर ठेवण्याची आहे, ओट्यात शिरणारी नाही. रेंज बसवायची म्हणजे ओटा मधोमध तोडून जमिनीपर्यंत जागा मोकळी करावी लागते. रेंजची उंची बहुधा ९० सेंटिमीटरच्या आसपास असते. आपला ओटा ८० ते ८५ सेंटिमीटरचा. म्हणजे शेगडी ओट्याच्या वर चार बोटे उभी राहते. उंच कढईत रोज परतणाऱ्या व्यक्तीच्या खांद्याला हा फरक महिनाभरात कळतो. रुंदीचेही तसेच. अमेरिकन रेंज ३०, ३६, ४८ आणि ६० इंचांत मिळतात, युरोपीय बहुधा ९० ते १२० सेंटिमीटरच्या. मुंबईतल्या सात बाय आठ फुटांच्या स्वयंपाकघरात ३६ इंचांची रेंज ठेवली, की पोळ्या लाटायला जागा कोठे, हा प्रश्न उरतो. मोठ्या रेंजचे वजन दीडशे किलोंहून अधिक भरते, तेव्हा इमारतीच्या लिफ्टचे आणि दरवाजाचे माप आधी घेतलेले बरे.

तरीही रेंजची बाजू अगदीच लंगडी नाही. ज्यांच्या घरी पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक नित्याचा आहे, जागा ऐसपैस आहे, आणि मोठी पातेली एकाच वेळी चार बर्नरवर चढतात, त्यांना शेजारशेजारी खेटलेल्या गॅस शेगडीपेक्षा रेंज सुखाची वाटते. मात्र अशा वेळी चिमणीही त्याच ताकदीची हवी. अमेरिकन धाटणीच्या रेंजचा एकेक बर्नर १५ हजार बीटीयूचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोवॅटचा असू शकतो. त्यातून उठणारी फोडणीची वाफ बाहेर नेण्यास रुंद, सरळ आणि थेट बाहेर उघडणारी नळी लागते. अनेक इमारतींत तिला वाटच नसते. नुसती गाळणी लावून हवा पुन्हा खोलीत सोडणारी चिमणी येथे निरुपयोगी ठरते.

वायू की वीज

बर्नरसाठी वायू आणि ओव्हनसाठी वीज, ही जोडी बहुतेक घरांना सोयीची आहे. फुलका थेट ज्वाळेवर फुगतो, गोल बुडाची कढई ज्वाळेवरच नीट तापते, वांगेही ज्वाळेवरच भाजले जाते. यासाठी वायू हवाच. ओव्हनचे काम निराळे. वायू जळताना पाण्याची वाफ निर्माण होते, त्यामुळे वायूच्या ओव्हनमधली उष्णता दमट असते. मांस भाजताना ती चालते, क्वचित हितकरही ठरते. पण खुसखुशीत बिस्किटांना आणि पापुद्र्यांना कोरडी, स्थिर उष्णता लागते व ती विजेवर अधिक सहज मिळते. वायूच्या बहुतेक घरगुती ओव्हनमध्ये मुख्य ज्वाळा खालीच असल्याने वरचा रंग येण्यास उशीर लागतो. म्हणूनच वर वायू आणि खाली वीज असलेल्या दुहेरी इंधनाच्या रेंज महाग असूनही मागणीत असतात.

वायूवर चालणारे कोणतेही उपकरण घेताना घरात सिलिंडर आहे की नळाने येणारा नैसर्गिक वायू, हे विक्रेत्यास आधी सांगावयास हवे. सिलिंडरमधला वायू घरगुती शेगडीत साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, नळाचा सुमारे २१ मिलिबारने. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या सिलिंडरच्या वायूतून नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता मिळते. त्यामुळे दोहोंचे जेट वेगळ्या छिद्रांचे असतात. नैसर्गिक वायूसाठी असलेला जेट सिलिंडरवर वापरला, तर ज्वाळा पिवळी, लांबलचक आणि काजळी धरणारी येते. खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका असतो. उलट केले तर ज्वाळा मरगळते. आयात केलेल्या रेंजसोबत दोन्ही जेट येतात का, आणि ते बदलून देणारा प्रशिक्षित माणूस शहरात आहे का, याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी. मुंबई आणि पुणे परिसरात अनेक इमारती सिलिंडरवरून नळाच्या वायूवर जात आहेत. आज सिलिंडर असला तरी दोन वर्षांनी नळ येईल, हेही गणितात धरावे लागते. जेट बदलण्याचे काम घरच्या पान्याने करण्याचे नव्हे.

उष्णता कोठून येते

दुकानात ओव्हनची ओळख दहा, बारा, पंधरा 'फंक्शन्स' अशी करून दिली जाते. प्रत्यक्षात उष्णतेची साधने तीन-चारच असतात: खालची तार, वरची तार, वर लाल होणारा ग्रिल, आणि मागचा पंखा. बाकी सारी त्यांची मिसळ. विचारण्याजोगा प्रश्न एकच, तो म्हणजे पंख्याभोवती स्वतंत्र गोल तार आहे की नाही. नुसता पंखा आतली हवा ढवळतो. पंख्याभोवती तार असली, की तापलेली हवाच सर्वत्र फेकली जाते आणि दोन-तीन ट्रे एकाच वेळी सारखे भाजले जातात. दिवाळीत शंभर नानकटाया करणाऱ्या घराला याचा फायदा आहे. रविवारी एक केक करणाऱ्यास तितकासा नाही. उलट हलक्या स्पंज केकला वरखालची स्थिर उष्णताच मानवते. पंखा लावल्यास पाककृतीतले तापमान साधारण २० अंशांनी कमी ठेवतात.

वरच्या तारेची खरी परीक्षा गोव्याच्या बेबिंकेत होते. नारळाचे दूध, अंड्यांचे पिवळे बलक, साखर, मैदा आणि तूप यांचे पातळ मिश्रण थरावर थर ओतून, प्रत्येक थर वरून तांबूस होईतो भाजायचा, मग पुढचा ओतायचा. पूर्वी यासाठी भांड्यावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे ठेवीत. ओव्हनचा ग्रिल मधोमध कडक आणि कडांना मंद असेल, तर बेबिंकेचा मधला भाग करपतो व कडा फिकट राहतात. स्वस्त आणि महाग ओव्हनमधला फरक असा थरांत वाचता येतो. हा तांबूस रंग ज्या रासायनिक प्रक्रियेने येतो, तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय माइयार यांनी १९१२ साली केले. ती सुमारे १४० अंशांपुढे वेग घेते. ओलावा असेपर्यंत पदार्थाचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या पुढे फारसा जात नाही. मायक्रोवेव्हमध्ये शिजलेला पदार्थ पांढुरका का राहतो, याचे उत्तर यातच आहे.

तबकडीवरचा आकडा आणि आतले तापमान एकच असते, असे मानणे धाडसाचे आहे. नियंत्रक तार सतत चालू-बंद करीत असतो, त्यामुळे तापमान ठरावीक आकड्याच्या वरखाली डोलते. उत्तम ओव्हनमध्ये हे डोलणे थोडे असते, साध्यात पंधरा-वीस अंशांचे होते. काही शे रुपयांचा ओव्हन-थर्मामीटर आत टांगला, की लाखाच्या यंत्राचे खरेखोटे अर्ध्या तासात कळते.

मापाविषयीही गैरसमज आहेत. ६० सेंटिमीटर रुंदीच्या युरोपीय ओव्हनची क्षमता साधारण ६५ ते ७५ लिटर असते, आणि चार-पाच माणसांच्या घराला ती पुरून उरते. अमेरिकेत प्रचलित माप ३० इंचांचे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ते सवयीचे वाटते, आणि परत येताना तोच ओव्हन सामानात आणावा असा मोह होतो. तो टाळलेला बरा. अमेरिकेत २४० व्होल्ट हे १२० व्होल्टच्या दोन तारांमधून मिळतात आणि वारंवारता ६० हर्ट्झ असते; येथे एक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जोडणीची रचनाच निराळी असल्याने पंखा, घड्याळ आणि नियंत्रण-पट्टी अडचणीत येते. येथे त्यास हात लावणारा तंत्रज्ञही सहसा मिळत नाही.

वाफ आणि मोदक

गेल्या काही वर्षांत वाफेचा ओव्हन हा नवा पर्याय पुढे आला आहे. वाफ आणि कोरडी उष्णता एकाच पेटीत देणारे यंत्र जर्मनीच्या 'रात्सिओनाल' कंपनीने १९७६ साली हॉटेलांसाठी आणले. घरगुती रूपात ते नंतर आले. केक-पावाच्या पाश्चात्त्य संस्कृतीत ही चैन असेल, पण मराठी घरात तिचे मोल वेगळे आहे. उकडीचे मोदक, अळूवड्यांचे उंडे, कोथिंबीरवडी, इडली, ढोकळा, उकडलेले बटाटे हे सारे वाफेचेच पदार्थ. मोदकपात्रात एका वेळी अकरा, तर वाफेच्या ओव्हनच्या दोन छिद्रांच्या ट्रेंत एका वेळी तिसाच्या घरात. शिवाय शिळा भात आणि पोळ्या वाळू न देता गरम करता येतात. खरे तर वर्षाकाठी चार केक करणाऱ्या घराने पंधरा फंक्शन्सच्या ओव्हनऐवजी या पर्यायाचाच आधी विचार करावा.

अट एकच, पाण्याची. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर अवलंबून असलेल्या उपनगरांत बाष्पकात क्षारांचे थर लवकर साचतात. गाळलेले मृदू पाणी वापरणे आणि यंत्राने इशारा दिला की क्षार काढणे, हे न चुकता व्हावे लागते. ज्या घरात मिक्सरचे भांडेही कामवालीच्या भरवशावर असते, तेथे हे कोण करणार, याचा विचार आधी व्हावा.

तूप, साखर आणि साफसफाई

आतली सफाई हा ओव्हन वापरात राहतो की नाही, हे ठरवणारा मुद्दा आहे. साध्या ओव्हनला आत गुळगुळीत एनॅमल असते आणि ते हातानेच पुसावे लागते. काहींच्या बाजूंना तेल शोषून जाळणारे खरखरीत पत्रे असतात. ते तुपाचे शिंतोडे पचवतात, पण सांडलेला साखरेचा पाक त्यांना पचत नाही. तिसरा प्रकार स्वतःला जाळून स्वच्छ करणारा. १९६३ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने तो प्रथम बाजारात आणला. दार आपोआप कुलूपबंद होते, आतले तापमान ५०० अंशांच्या आसपास जाते आणि सारा चिकटा चिमूटभर राखेत उतरतो. त्या वेळी आतल्या जाळ्या बाहेर काढाव्या लागतात, अन्यथा त्यांची चमक जाते. धूर आणि वास येतो, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, आणि घरात पोपट किंवा अन्य पाळीव पक्षी असल्यास त्यांना दूरच्या खोलीत न्यावे लागते. अशा ओव्हनच्या दाराला बहुधा तीन-चार काचा असतात. स्वच्छतेचा उपयोग झाला नाही तरी या काचांचा होतो, कारण बाहेरून दार हाताला फार तापत नाही. लहान मुले असलेल्या घरात ही गोष्ट महत्त्वाची आहे.

टाइल्स लागण्यापूर्वी

६० सेंटिमीटरच्या ओव्हनला कपाटात साधारण ५६ सेंटिमीटर रुंद, ५५ खोल आणि ६० उंच पोकळी लागते; अचूक माप मात्र त्या त्या मॉडेलच्या पत्रकातूनच घ्यावे. सुताराने 'अंदाजे' केलेली पोकळी नेहमी अर्धा सेंटिमीटर कमी भरते. पोकळीच्या मागे हवा खेळण्यास जागा हवी, नाही तर कपाटाच्या कडांचे लॅमिनेट उकलू लागते. विजेचा प्लग ओव्हनच्या थेट मागे ठेवला, तर ओव्हन आत पूर्ण बसत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी प्लगपर्यंत हातही पोहोचत नाही. तो शेजारच्या कपाटात असावा. मधला ट्रे साधारण कोपराच्या उंचीवर येईल अशी ओव्हनची उंची धरावी, आणि गरम ट्रे टेकवायला हाताच्या अंतरावर ग्रॅनाइटची जागा असावी. ओव्हन आणि फ्रिज एकमेकांस खेटून बसवण्याची आराखड्यातली सुबक कल्पना विजेच्या बिलाला महागात पडते.

विजेचे गणित सोपे आहे. ३,६०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेपंधरा अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो, म्हणजे १६ अँपिअरचा प्लग अगदी काठावर येतो. अशा ओव्हनसाठी मुख्य पटापासून स्वतंत्र, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग हवे. मायक्रोवेव्ह किंवा गिझरच्या जोडणीत त्याला सामावून घेऊ नये. ओव्हन, गिझर, इंडक्शन आणि वातानुकूलन यंत्र एकाच वेळी चालू झाल्यास बेरीज सहज आठ-नऊ किलोवॅटवर जाते. जुन्या इमारतींत मंजूर भार याच्या निम्माही नसतो. तो वाढवून घेण्याचा अर्ज भिंत फोडण्यापूर्वी गेलेला बरा. वापराचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. तार सतत पेटलेली नसते, त्यामुळे तासाभराच्या भाजणीला साधारण एक युनिट लागते. युरोपात ओव्हनचे ऊर्जा-मानांकन करताना पाण्यात भिजवलेली विशिष्ट वीट आत तापवून मोजणी करतात. त्यामुळे त्या लेबलवरून दोन ओव्हनची तुलना करता येते, घरच्या बिलाचा नेमका अंदाज नव्हे.

नाव आणि सेवा

नामांकित घराण्यांची प्रत्येकाची वेगळी ओळख आहे. १८९९ साली स्थापन झालेली मिले टिकाऊपणासाठी, फ्रान्सची १९०८ची ला कॉर्न्यू घुमटाकार ओव्हनसाठी, इटलीची स्मेग रंगारूपासाठी, अमेरिकेची वुल्फ व्यावसायिक धाटणीच्या रेंजसाठी. बॉश आणि सीमेन्स या नावांचे ओव्हन बीएसएच या एकाच समूहाचे आहेत, हे ग्राहकास क्वचितच सांगितले जाते. तेव्हा या दोहोंत निवड करताना नावापेक्षा मॉडेलची तुलना करावी. पण दाराची रबरी पट्टी, तार किंवा नियंत्रण-पट्टी बिघडली, की नावापेक्षा सेवा केंद्र कोठे आहे हे महत्त्वाचे ठरते. दुकानदाराचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. सुटे भाग भारतात ठेवले जातात का, तंत्रज्ञ त्याच शहरातला की दुसऱ्या शहरातून येणार, आणि भेटीचे शुल्क किती, हे कंपनीच्या सेवा केंद्रास स्वतः फोन करून विचारावे. नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरच्या ग्राहकाने तर मॉडेल निवडण्याआधीच.

बसवून झाल्यावर तंत्रज्ञ घरात असतानाच ओव्हन रिकामा तापवून घ्यावा. पहिल्या तापवणीत आतल्या लेपाचा वास येतो, तो निघून जातो. नंतर मोठा ट्रे भरून साध्या पावाचे काप शेजारशेजारी मांडावेत आणि १८० अंशांवर काही मिनिटे ठेवावेत. कापांवरच्या रंगाचा नकाशाच समोर येतो: कोणता कोपरा जळतो, कोणता मागे राहतो, पंखा लावल्याने काय बदलते. फरक फार दिसला तर त्याचे छायाचित्र काढून तक्रार लेखी नोंदवावी आणि वॉरंटी कार्डावर बसवल्याची तारीख व शिक्का घेऊनच तंत्रज्ञास जाऊ द्यावे.